दोनच्या स्पेलिंगमधला डब्ल्यू : शब्दकुळांच्या फलकांच्या नोंदी

१५ जून २०२५

ठाण्यात वर्तकनगरमधील आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरील खोलीत दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळात सहावी ते आठवीची अकरा मुले इंग्रजी वाचायला येतात. सगळी मराठी माध्यमाची आहेत. आज सातवीतल्या एका मुलीने फळ्यावर दोन या अर्थाचा ‘टू’ हा शब्द लिहिताना मधला डब्ल्यू गाळला. तो घालायला सांगितल्यावर तिने विचारले, “काकू, हा वाचायचाच नाही, तर लिहायचा कशाला?” स्पेलिंग पाठच करावे लागते, असे उत्तर मी दिले आणि पुढे गेले.

ते उत्तर दिवसभर टोचत राहिले. एकतीस वर्षे मी छापखान्यात मुद्रिते तपासली आहेत आणि ओळीत एखादे अक्षर जादा का आहे हे विचारण्यावरच माझे पोट चालले. मुलीनेही तेच विचारले होते. संध्याकाळी व्युत्पत्तिकोश काढून बसले. टू, ट्विन, ट्वाइस, ट्वेल्व्ह, ट्वेंटी, बिट्वीन या सहाही शब्दांत टी-डब्ल्यू ही जोडी आहे आणि सहाही शब्दांत ‘दोन’ आहे. बाकीच्या पाचांत डब्ल्यू उच्चारला जातो. ‘टू’मध्येही तो पूर्वी उच्चारला जात असे, पण पुढचा स्वर ओठ गोल करून म्हणण्याचा झाला आणि डब्ल्यू त्यात विरून गेला. लिहिताना मात्र तो राहिला, आणि तो दिसतो म्हणूनच हा शब्द आपल्या भावंडांत ओळखू येतो.

अक्षरांची एकच जोडी आणि जवळचा अर्थ असलेले शब्द, म्हणजे एकेक शब्दकुळ, एकत्र दाखवणारे पाच फलक करायचे ठरवले : टी-डब्ल्यू, डब्ल्यू-आर, के-एन, जी-एल आणि एस-एन. अंदाज पंधराशे रुपयांचा आणि चार रविवारांचा धरला होता. दोन्ही अंदाज चुकले. हिशेब शेवटी दिला आहे.

२२ जून

पहिले दोन फलक, टी-डब्ल्यू आणि डब्ल्यू-आर, फ्लेक्सवर छापून आणले. दोन्ही मिळून ४२० रुपये झाले. टी-डब्ल्यूच्या फलकावर वरील सहा शब्दांखेरीज ट्विल, ट्वाइन, ट्विस्ट, ट्वाइलाइट आणि ट्वीझर असे एकूण अकरा शब्द घेतले आणि प्रत्येकाखाली देवनागरीत उच्चार व अर्थ दिला.

मुलांना सर्वांत भावला तो ट्वेल्व्ह. दहा मोजून झाल्यावर ‘दोन उरले’ असा त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे, आणि त्याच रीतीने इलेव्हन म्हणजे ‘एक उरला’. हे सांगितल्यावर मी त्यांना मराठीतील बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव हे आकडे ओळीने म्हणायला लावले. सहावीतला एक मुलगा बावन्नपाशीच थांबला आणि म्हणाला, “सगळ्यांत ब आहे.” तो ब म्हणजे संस्कृत ‘द्वा’चा उरलेला अंश आहे. द्वादशचे बारा झाले, त्यात द गेला आणि व चा ब झाला. इंग्रजीतला टी-डब्ल्यू आणि आपला द्व हे एकाच जुन्या शब्दातून आलेले आहेत. दुपार म्हणजे दोन प्रहर, हे त्यांना ठाऊकच नव्हते, आणि दुपदरी, दुमजली, दुभाषी असे शब्द मग त्यांनीच काढले. यात पाऊण तास गेला आणि वाचन राहून गेले, पण तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही.

चूक एक. ट्वाइन म्हणजे दोन धागे एकत्र पिळून केलेला दोरा, हे प्रत्यक्ष दाखवण्यासाठी किराणा दुकानातून आणलेली सुतळी एका मुलीच्या हातात दिली. तिने टोक नखाने सोडवले, उलट्या बाजूला पीळ दिला आणि तीन पेड माझ्यासमोर धरले. वस्तू आधी स्वतः उलगडून पाहिल्याशिवाय मुलांपुढे ठेवू नये. पुढच्या खेपेला जांभळी नाक्यावर चार दुकाने फिरून दुपेडी सुती दोरा आणला आणि तो मुलांना देण्यापूर्वी घरी दोनदा उलगडून पाहिला.

२९ जून

ही या कामातील सर्वांत महाग चूक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ट्वीझर म्हणजे चिमटा. त्याला दोन पाती असतात, शब्दाच्या आरंभी टी-डब्ल्यू आहे, म्हणून तो ‘दोन’च्या कुळातला असणारच, असे मी गृहीत धरले आणि न तपासता छापायला दिले. काल रात्री प्रत्येक शब्दाची टिपणे काढताना कोशात पाहिले, तर त्याचा दोनशी काहीही संबंध नाही. फ्रेंच भाषेत बारीकसारीक हत्यारे ठेवण्याच्या छोट्या पेटीला ‘एत्वी’ म्हणतात. तो शब्द इंग्रजीत आला, झिजला, पेटीचे नाव आतल्या हत्याराला लागले आणि त्यातून ट्वीझर घडला. पात्या दोन आहेत हा योगायोग आहे.

फ्लेक्सवर खोडता येत नाही. पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली, ती पावसाळी दमट हवेत दुसऱ्या दिवशी सुटून खाली पडली. नीट चिकटली असती तरी उपयोग नव्हता, कारण या कामात शब्द येणार, तपासले जाणार आणि काही काढावे लागणार, हे आता माझ्या लक्षात आले होते. छापील फलक हा प्रकारच या कामाला चालत नाही. दोन्ही फ्लेक्स बाद केले.

त्या फ्लेक्सची दुसरी उणीव आज दिसली. मुले अक्षरांकडे बघतच नव्हती, खालचा देवनागरी उच्चार वाचत होती. देवनागरीत तर हा विषय पुसलाच जातो : ‘लिहिणे’ आणि ‘बरोबर’ हे दोन वेगळे शब्द आपण ‘राइट’ असेच लिहितो, रात्र आणि सरदार दोन्ही ‘नाइट’ होतात, गाठ आणि नकार दोन्ही ‘नॉट’ होतात. ज्या अक्षराची ओळख करून द्यायची तेच मी मुलांच्या डोळ्यांआड केले होते. यापुढे कार्डाच्या दर्शनी बाजूला फक्त इंग्रजी शब्द राहील, त्यातील कुळाची दोन अक्षरे लाल असतील, आणि उच्चार, अर्थ व टिपण मागच्या बाजूला जाईल.

६ जुलै

आषाढी एकादशीमुळे आज चारच मुले आली. त्यांच्या मदतीने फलक बसवले. दोन बाय तीन फुटांचे पाच सॉफ्टबोर्ड प्रत्येकी ४६० रुपयांप्रमाणे २३०० रुपयांना पडले. कार्डांसाठी जाड कागद १५० रुपयांचा आणि लोखंडी टाचण्या ४० रुपयांच्या आणल्या. टाचण्या आठवड्यात गंजल्या आणि कार्डांवर तपकिरी डाग पडले. त्यांच्या जागी प्लास्टिकच्या डोक्याच्या पुशपिना आणल्या, १२० रुपये. पावसाळ्यात काम करणाऱ्यांनी पहिल्यापासून त्याच घ्याव्यात.

९ जुलै

आज रविवार नाही, पण नोंद करण्यासारखे घडले. ट्वाइलाइट या कार्डामागे मी ‘संधिप्रकाश’ असा अर्थ लिहिला होता आणि तो अकरापैकी एकाही मुलाला कळला नव्हता. संध्याकाळी स्टेशनकडून परतताना तलावपाळीवर थांबले. पाऊस उघडला होता, पश्चिमेकडे अजून उजेड होता, तलावाभोवतीचे दिवे नुकतेच लागले होते आणि पाण्यात दोन्ही उजेड एकाच वेळी दिसत होते. शेजारच्या बाकावरील आजी नातीला म्हणाल्या, “चल, तिन्हीसांजा झाल्या.”

मला हवा असलेला शब्द तोच होता. घरी येऊन कार्ड बदलले. ट्वाइलाइटमधील ‘ट्वाय’चा अर्थ कोशकार दोन, अर्धा किंवा दोहोंच्या मधला असा लावतात, म्हणजे इंग्रजीने त्या वेळेच्या नावात दोन ठेवले आणि मराठीने तीन. मुले हे विसरणार नाहीत. कोशातील प्रतिशब्द आणि घरातील शब्द यांत निवड करायची असेल, तर घरातील शब्द घ्यावा.

१३ जुलै

डब्ल्यू-आर. पाचांत मला हा फलक सर्वांत प्रिय आहे.

या जोडीने सुरू होणाऱ्या शब्दांत पीळ, वळण किंवा वाकडेपणा पुन्हा पुन्हा भेटतो. ओला कपडा पिळणे म्हणजे रिंग; अंगठीच्या रिंगपेक्षा ते वेगळे कळते ते केवळ डब्ल्यूमुळे. मनगट म्हणजे रिस्ट, कारण हात तिथे वळतो. पिरगाळणे आणि तेच काम करणारा पाना, दोन्ही रेंच. सुरकुती रिंकल, वळवळणे रिगल, कुस्ती रेसलिंग, आणि पाने-फुले वळून केलेले कडे रीथ. राँग म्हणजे चूक हे मुलांना माहीत होते, पण त्या शब्दाचा जुना अर्थ ‘वाकडे’ असा आहे हे सांगितल्यावर आठवीतला मुलगा लगेच म्हणाला, “म्हणजे वाकड्यात शिरणं.” मराठीनेही चुकीच्या वागण्याला वाकडेच म्हटले आहे. हा डब्ल्यू इंग्रज लोक एके काळी स्पष्ट उच्चारत असत. इंग्लंडमधील पहिले मुद्रक विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, छपाईमुळे पुढे हळूहळू स्पेलिंगे स्थिरावली आणि उच्चार मात्र बदलत राहिले. सतराव्या शतकापर्यंत ‘आर’च्या आधीचा डब्ल्यू बहुतेकांच्या बोलण्यातून गेला होता. छापखान्यात आयुष्य काढल्यामुळे मला यात विशेष गोडी वाटते : बोलणाऱ्यांनी जे टाकले, ते छापखान्यात अक्षरे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी सांभाळले.

ट्वीझरचा अनुभव असल्यामुळे या वेळी प्रत्येक शब्द आधी तपासला. रॅप म्हणजे गुंडाळणे हा अर्थाने या कुळात चपखल बसतो, पण त्याच्या मुळाबद्दल कोशकारांना खात्री नाही, म्हणून तो फलकावर घेतला नाही. राइट म्हणजे लिहिणे हा मात्र निश्चित परका निघाला, म्हणजे अक्षरे तीच पण कुळ वेगळे. त्यात पीळ नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ओरखडणे, कोरणे असा होता, कारण अक्षरे टोकदार वस्तूने लाकडावर किंवा दगडावर खरवडली जात. आणि आपल्या ‘लिहिणे’चे मूळ असलेल्या संस्कृत ‘लिख्’ धातूचाही आरंभीचा अर्थ ओरखडणे हाच आहे. हे दोन शब्द एकमेकांचे नातलग नाहीत. दोन ठिकाणी माणसांनी एकच काम केले आणि दोन भाषांत त्याच कामावरून नाव पडले.

यासाठी जुन्या पाटीचा एक तुकडा आणि खिळा नेला होता. प्रत्येक मुलाने त्यावर आपल्या नावाचे पहिले अक्षर ओढले. दगडी पाटीवर खिळा ओढताना जो कर्कश आवाज होतो तो खोलीभर झाला, करड्या रेघेतून भुकटी उडाली, आणि शेवटच्या मुलाने बोटाने आपले अक्षर चाचपून पाहिले. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे. ज्याने तो कोरला त्याने शब्दशः ‘लिहिले’. ठाण्याहून अंबरनाथ लोकलने तासाभराच्या आत आहे, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मुलांना तिथे न्यायचे ठरवले आहे.

२० जुलै

सर्व ६४ कार्डे प्रत्येकी १० रुपये देऊन चकचकीत लॅमिनेट केली, ६४० रुपये. फलक लावून ट्यूबलाइट लावली तेव्हा डाव्या बाजूच्या बाकांवरून एकही कार्ड वाचता येईना. त्या तिरिपीला इंग्रजीत ग्लेअर म्हणतात आणि तो शब्द आजच्याच फलकावर होता, त्यामुळे त्याचा अर्थ कुणालाही सांगावा लागला नाही. लॅमिनेशन सोलून काढता येत नाही, म्हणून कार्डे पुन्हा लिहिली, सलग दोन रात्री जागून, आणि मॅट लॅमिनेशन केले. दर १२ रुपये, म्हणजे ७६८. आधी एकच कार्ड करून त्याच दिव्याखाली पाहिले असते, तर हे पैसे आणि दोन रात्री वाचल्या असत्या.

जी-एल म्हणजे उजेडाचे कुळ : ग्लो, ग्लीम, ग्लिंट, ग्लिटर, ग्लिसन, ग्लिमर, ग्लेअर, ग्लास आणि चकाकी या अर्थाचा ग्लॉस. ग्लॅड म्हणजे आनंदी हा मी परक्यांत टाकणार होते, पण कोश पाहिला तर त्याचा जुना अर्थ ‘उजळ, चमकणारा’ असा निघाला. आनंदाने चेहरा उजळला असे आपण म्हणतो, तेव्हा मुलांना ते पटवून द्यावे लागले नाही. शब्दसूची या अर्थाची ग्लॉसरी मात्र परकी आहे. ती जीभ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आली. ग्लोव्ह, ग्लोब, ग्लू, ग्लुकोज हेही परके.

मराठीत हेच काम ‘झ’ करतो : झळक, झळाळी, झगमग, झगझगीत, झिलई. मी एवढे सांगितल्यावर मुलांनी झाड, झोप आणि झुरळ हे परके स्वतःहून काढले. परक्या शब्दांची कल्पना इंग्रजीतून समजावताना मला दोन रविवार लागले होते, आणि झुरळाने ती एका मिनिटात कळली.

२७ जुलै

एस-एन म्हणजे नाक. स्निफ हुंगणे, स्नोअर घोरणे, स्नॉर्ट फुरफुरणे, स्नाउट प्राण्याचे पुढे आलेले नाक-तोंड, स्नफ तपकीर, स्नॉट शेंबूड. इथे सगळे शब्द एकाच मुळाची लेकरे आहेत असे म्हणता येत नाही. नाद आणि अर्थ यांची जोडी कानात बसते आणि इतर शब्द तिच्याकडे ओढले जातात. शिंकणे या अर्थाचा स्नीझ त्याचा पुरावा आहे : जुन्या इंग्रजीत त्याच्या आरंभी एफ-एन होते, ती जोडी भाषेतून गेली तेव्हा त्याने एस-एन धरले. अशा अर्थवाही नादांना ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये फोनेस्थीम हे नाव दिले. मुलांना ते सांगितले नाही, त्याची गरजही नव्हती. स्नेक, स्नो, स्नेल परके.

३ ऑगस्ट

के-एन. या फलकाला मी ‘गाठ आणि सांधा’ असे नाव दिले होते : नी गुडघा, नकल बोटाचा सांधा, नॉट गाठ, निट विणणे, नॉब मूठ. पण नाइफ, नॉक, नाइट असे परके इतके निघाले की फलकापेक्षा त्यांचीच रांग मोठी झाली. नाव काढून टाकले. त्याऐवजी फलकावर दोनच शब्दांना जागा दिली : गुडघ्याचा ‘नी’ हा संस्कृत ‘जानु’चा नातलग, आजानुबाहू या शब्दातला; आणि ‘नो’, म्हणजे जाणणे, हा ‘ज्ञा’चा. इंग्रजीतला के आणि आपला ज एकाच जुन्या ध्वनीतून उतरले आहेत.

मूक ‘के’बद्दल मुले इंग्रजीला हसत होती. तेव्हा फळ्यावर ‘ज्ञान’ लिहून ते वाचायला सांगितले. सगळे ‘द्न्यान’ म्हणाले. मग ज्ञ कोणत्या दोन अक्षरांचा बनतो ते विचारले. ज आणि ञ असे उत्तर आले आणि खोली शांत झाली, कारण आपल्या उच्चारात ज कुठेच नाही. हिंदीत त्याचा ‘ग्यान’ होतो. लिहिणे एकीकडे आणि बोलणे दुसरीकडे जाणे हे आपल्याकडेही घडले आहे.

१० ऑगस्ट

चाचणी घेतली. फलकांवर नसलेले आठ शब्द कार्डांवर लिहून दिले आणि कोणते कोणत्या फलकावर जातील आणि कोणते परके, ते विचारले. अकरापैकी सात मुलांनी पाच किंवा अधिक बरोबर लावले. पण ट्विंकल सर्वच्या सर्व मुलांनी ‘दोन’मध्ये टाकला. तो डोळे मिचकावणे, लुकलुकणे या अर्थाचा जुना शब्द आहे, आणि टी-डब्ल्यू असूनही दोनचा नाही. दोष माझ्या मांडणीचा होता, कारण परके शब्द मी तोंडी सांगत होते आणि फलकावर फक्त कुळातले दिसत होते. आता प्रत्येक फलकाच्या तळाशी लाल सुतळी आडवी बांधून त्याखाली परक्यांची रांग केली आहे. ट्वीझर तिथे पहिला आहे.

१७ ऑगस्ट

हिशेब : फ्लेक्स ४२०, सॉफ्टबोर्ड २३००, कागद १५०, टाचण्या ४०, पुशपिना १२०, पहिले लॅमिनेशन ६४०, दुसरे ७६८; एकूण ४४३८ रुपये. यातील ११०० रुपये फ्लेक्स, गंजलेल्या टाचण्या आणि चकचकीत लॅमिनेशन यांत फुकट गेले. वेळ दहा रविवार. नव्याने करणाऱ्याने पाच फलक न करता टी-डब्ल्यू आणि डब्ल्यू-आर हे दोनच करावेत. के-एन माझ्या हातून जमलेला नाही. एका फलकावर बारापेक्षा जास्त कार्डे लावू नयेत, आणि कोशात पाहिल्याशिवाय एकही शब्द पिनेवर चढवू नये, अर्थ कितीही जुळत असला तरी.

आज जूनमधली तीच मुलगी घरून एक कार्ड करून घेऊन आली. आन्सर या शब्दातला डब्ल्यू तिने लाल केला होता. “हा पण वाचत नाहीत,” ती म्हणाली, “मग ह्याची भावंडं कोण?” मी उत्तर दिले नाही, कोश तिच्याकडे सरकवला. तिला पाने उलटायला दहा मिनिटे लागली. आन्सरचा जुना अर्थ ‘समोरच्याविरुद्ध शपथेवर सांगणे’ असा आहे; त्याचा उत्तरार्ध आणि शपथ घेणे या अर्थाचा ‘स्वेअर’ एकच, आणि स्वेअरमध्ये डब्ल्यू अजून उच्चारला जातो. पाचांपैकी कोणत्याच फलकावर तो बसत नव्हता. तिने के-एनच्या फलकावरील रिकाम्या कोपऱ्यात दोन्ही कार्डे शेजारी शेजारी लावली आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने आजची तारीख घातली.